बायबल आम्ही इतकं का जपतो : इंदूरच्या शेजाऱ्यांनी विचारलेले प्रश्न

सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं पुष्कळ आहेत. मार्गशीर्षात समोरच्या काकूंकडे गुरुचरित्राचा सप्ताह बसतो आणि त्याच सुमारास आमच्या दारावर नाताळचा कागदी तारा लागतो. फराळाची ताटं इकडून तिकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही येतात. गेल्या वीसेक वर्षांत ओटल्यावर बसून, भाजी निवडताना, कधी दवाखान्याच्या बाकावर लोकांनी मला बायबलबद्दल जे जे विचारलं, ते इथे लिहून ठेवते आहे. मी पाळक म्हणजे पाद्री नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. दर बुधवारी आमच्या बैठकीच्या खोलीत सात-आठ जण बायबल उघडून बसतात, त्यातली मी एक.

बायबल म्हणजे एक ग्रंथ की अनेक?

अनेक. ‘बिब्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘पुस्तकं’. आमच्या प्रोटेस्टंट घरांतल्या प्रतीत ६६ पुस्तकं असतात : जुन्या करारात ३९, नव्यात २७. कॅथलिक बंधुभगिनींच्या प्रतीत ७३, कारण त्यांच्या जुन्या करारात आणखी सात पुस्तकं आहेत. जुना करार बहुतेक हिब्रू भाषेत आणि थोडा अरामीत, नवा करार ग्रीकमध्ये. त्यात वंशावळ्या आहेत, कायदे आहेत, राजांचा इतिहास, प्रेमगीतं, म्हणी, विलाप, पत्रं. आमोस मेंढरं राखणारा आणि उंबरांची निगा करणारा होता, लूक वैद्य होता, पेत्र मासे धरणारा. मुलांना मी सांगते की हे एक कपाट आहे, एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला संपवायची ती कादंबरी नव्हे.

‘करार’ हा शब्दही नीट ऐकावा. देवाने माणसांना वचन दिलं आणि माणसं ते मोडत राहिली तरी त्याने ते पाळलं, अशी ही सगळी हकिगत आहे.

पवित्र ग्रंथ म्हणता, मग त्यात पेनने रेघा कशा मारता?

हा प्रश्न समोरच्या काकूंचा. त्यांची पोथी रेशमी वस्त्रात असते, सोवळ्याने उघडली जाते. आमच्या बाबांचं पवित्र शास्त्र पाहून त्या क्षणभर गप्पच झाल्या होत्या. निळ्या पेन्सिलीच्या रेघा, समासात तारखा, एका पानावर चहाचा डाग.

आमच्याकडे पुस्तकाची पूजा होत नाही. त्याला हळदकुंकू नाही, ओवाळणं नाही. कागद आणि शाई आमच्यासाठी देव नाहीत. पण त्या शाईतून देव बोलतो, असा आमचा विश्वास आहे, आणि कोणी महत्त्वाचं सांगत असेल तर आपण टिपून घेतो ना, तशा त्या रेघा. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होते. त्या महिन्यातली एक तारीख नव्या करारातल्या मत्तयच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायाच्या समासात लिहिलेली आहे. समोरची ओळ अशी : ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ तोवर मी ती प्रार्थना हजारदा तोंडपाठ म्हटली असेल. भाकर मागणं म्हणजे काय, हे मला त्या तारखेने शिकवलं. मला विचाराल तर बाबांनी पुस्तकाचा मान तिथे राखला, त्यावर कव्हर घालताना नव्हे.

आदर नाही असं मात्र नाही. जमिनीवर ठेवत नाही, त्यावर दुसरी वस्तू ठेवायला आईने कधी दिली नाही. उपासनेत वचन वाचलं जातं तेव्हा सगळे शांत होतात, आणि पुष्कळ चर्चांमध्ये शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या, वाचनाला उभे राहतात.

एवढं जपण्यासारखं त्यात काय आहे?

माझं उत्तर एका शब्दात : येशू. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच ‘प्रारंभी शब्द होता’ अशी आहे, आणि थोडं पुढे ‘शब्द देही झाला’. म्हणजे देवाचं बोलणं आधी माणूस होऊन आलं, आणि पुस्तक त्याच्याकडे बोट दाखवतं. लूकच्या शेवटच्या अध्यायात दोन हताश शिष्य यरुशलेमेहून अम्माऊस नावाच्या गावाकडे पायी निघालेले आहेत. एक अनोळखी वाटसरू त्यांना गाठतो आणि चालता चालता शास्त्र उलगडून सांगतो. भाकर मोडताना त्यांना ओळख पटते की हा तर येशूच. मग ते एकमेकांना म्हणतात की वाटेत तो बोलत होता तेव्हा आपल्या आत काहीतरी पेटलं होतं. बायबल वाचताना दररोज असं होतं, असं मी म्हणणार नाही. पण झालं आहे, आणि ज्याला ते एकदा झालं तो परत परत त्या वाटेवर जातो.

दुसरं कारण मला आईच्या आजारपणात कळलं. लोक सांत्वनाला येत, ‘धीर धरा’ म्हणत. धीर नव्हताच. तेव्हा मी स्तोत्रसंहिता नीट वाचली. १५० स्तोत्रांमध्ये रडगाण्यांचा वाटा मोठा आहे, हे तोपर्यंत मला उमगलंच नव्हतं. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. आणि ते पवित्र शास्त्रात आहे! देवासमोर भांडायला, ओरडायला, ‘तू कुठे आहेस?’ विचारायला देवानेच शब्द देऊन ठेवले आहेत. वधस्तंभावर येशूच्या ओठी आलं तेही स्तोत्रच, २२वं : ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ज्या पुस्तकाने मला रडू दिलं, ते मी जपणारच.

एकदा वाचून झाल्यावर रोज काय वाचता? आणि ‘अभ्यास’ म्हणजे नेमकं काय?

पारायण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ठरलेल्या दिवसांत संपूर्ण ग्रंथ वाचायचा. आमच्यातही वर्षभरात बायबल पूर्ण करणारे आहेत, रोज तीन-चार अध्याय वाचले की होतं. ते चांगलंच आहे, कारण एकूण नकाशा डोक्यात राहतो. अभ्यास मात्र सावकाश असतो. आमच्या बुधवारी कधी कधी पूर्ण तास दहा ओळींवर जातो.

एक नमुनाच सांगते. लूकच्या दहाव्या अध्यायातली दयाळू शोमरोन्याची गोष्ट बहुतेकांना शाळेपासून माहीत असते. एक माणूस लुटारूंच्या हाती सापडतो, याजक आणि लेवी, दोघेही यरुशलेमेच्या मंदिराचे सेवक, बाजूने निघून जातात, परका शोमरोनी मदत करतो. तात्पर्य : परोपकार करावा. संपलं? आम्ही तीन बुधवार तिथेच होतो.

पहिल्या दिवशी वाट पाहिली. यरुशलेम ते यरीहो साधारण २७ किलोमीटर, इंदूरहून महूच्या थोडं पुढे जावं इतकंच. पण तेवढ्यात रस्ता जवळजवळ एक हजार मीटर खाली उतरतो. माळव्याच्या पठारावरून मानपूरचा घाट उतरून निमाडात जाताना कानांना दडे बसल्यासारखं होतं, त्याहून कितीतरी खोल उतार आणि तोही उजाड डोंगरांतून. लुटारूंना दुसरं काय हवं? मग आमच्यातल्या एका मावशींनी बारीक नजरेने पाहिलं की याजक त्या वाटेने ‘खाली’ चालला होता. म्हणजे मंदिराकडे नाही, मंदिराकडून. ‘प्रेताला शिवलो तर सेवेला अपवित्र ठरेन’ ही सबब सुद्धा त्याच्यापाशी फारशी उरत नाही. मी ती गोष्ट चाळीस वर्षं ऐकत होते, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या बुधवारी पैसे मोजले. शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो. हे किती? मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांचा रोज एक दीनार ठरतो. म्हणजे दोन दिवसांची मजुरी, वर ‘आणखी खर्च झाला तर परत आल्यावर देईन’. बायबलचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यावर उजेड टाकतो तो असा.

तिसऱ्या बुधवारी प्रश्नांवर आलो. शास्त्र्याने येशूला विचारलेलं असतं, ‘माझा शेजारी कोण?’ म्हणजे कुणावर प्रेम करायचं आणि कुणाला वगळलं तरी चालेल. गोष्ट सांगून येशू प्रश्नच फिरवतो : त्या तिघांपैकी शेजारी कोण ‘झाला’? शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्दही निघत नाही. तो म्हणतो, दया करणारा तो. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर माहीत असेल तर ती चूप जागा ऐकू येते. त्या दिवशी खोलीत कोणी काही बोललं नाही. प्रत्येकाला आपापल्या मनात ज्याचं नाव घ्यायला नको वाटतं असा एक माणूस आठवला असावा. मला तरी आठवला.

अभ्यास हवा तो याचसाठी. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो. येशूचा अनुयायी फिलिप्प त्याला विचारतो, वाचता ते समजतं का? तो सरळ म्हणतो, कोणी दाखवल्याशिवाय कसं समजणार? इतका मोठा अधिकारी, पण त्याला ते कबूल करायला लाज वाटली नाही. एकट्याने वाचावं, आणि चार जणांतही वाचावं.

इंदुरात तुम्ही वाचता कुठल्या भाषेत?

चर्चमध्ये हिंदी, घरी मराठी. इथली मिशनची जुनी कामं कॅनडाहून आलेल्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी १८७७ पासून उभी केली, इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांच्याच हातचं, आणि आजची इथली बहुतेक मंडळी हिंदी बोलणारी. आमच्यासारखी महाराष्ट्रातून आलेली घरं थोडी. त्यामुळे आमच्या मुलांना २३वं स्तोत्र दोन्ही भाषांत येतं. हिंदीत ‘यहोवा मेरा चरवाहा है, मुझे कुछ घटी न होगी’, मराठीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही’. ‘उणे’ हा शब्द मुलं आता दुसरीकडे फारसा ऐकत नाहीत. त्या एका ओळीत तो त्यांच्यासाठी जिवंत राहिला आहे. दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचली की जिथे ती वेगळी होतात तिथे थांबायचं, मुळात काय असेल ते शोधायचं, हा अभ्यासाचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि इंदूरकरांना तो आपोआप मिळतो.

मराठीत बायबल कुणी आणलं?

आधी कथा आली, मग भाषांतर. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघातल्या धर्मगुरूने, गोव्यात १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं. दहा हजारांहून अधिक ओव्या, पुराणाच्या बाजाने सांगितलेलं येशूचं चरित्र. फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, तशी भाषांमध्ये मराठी, हे त्याच ग्रंथातलं कौतुक. पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने मत्तयचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये मराठीत छापला. नंतर मुंबईच्या अमेरिकन मिशनने आणि इतरांनी भाषांतरं सुधारली.

पण मला थांबायचं आहे ते पंडिता रमाबाईंपाशी. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी पुराणं सांगत भारतभर पायी फिरली. संस्कृत तिच्या जिभेवर होतं. पतीच्या घरी सिल्चरला तिच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली पुस्तिका लागली, आणि तिथून सुरू झालेलं वाचन आयुष्यभर पुरलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रिया, दुष्काळातून आलेल्या मुली, शेती, छापखाना, हे सगळं सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कशासाठी? तेव्हाचं मराठी बायबल त्यांना फार पंडिती वाटे. भाकरी थापणाऱ्या, नुकतंच अक्षर ओळखायला लागलेल्या बाईला ते कळत नाही, म्हणून मुळातून सोप्या मराठीत पुन्हा करायचं. हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं, मुलगी मनोरमा आधी गेली तरी थांबवलं नाही, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. छपाईचं काम त्याच मुक्तीतल्या स्त्रियांच्या हातून झालं.

जिला सगळं संस्कृत वाङ्मय मोकळं होतं, तिने आयुष्याची शेवटची वर्षं अक्षरशत्रू बायांसाठी सोपे शब्द शोधण्यात घालवली. मला ‘बायबल का जपता?’ विचारलं की एक उत्तर हेही वाटतं : ते माझ्या भाषेत यावं म्हणून कुणीतरी एवढी किंमत मोजली आहे.

इतकं जुनं पुस्तक, मजकूर बदलला नसेल कशावरून?

रास्त शंका. छापखान्याआधी सगळं हातानेच उतरवलं जाई आणि उतरवताना चुका होतात. म्हणून अभ्यासक शेकडो हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाहतात. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत मातीच्या रांजणांमध्ये गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यात यशयाचं पूर्ण पुस्तक होतं, सात मीटरहून लांब, तोवर हाती असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनं. ताडून पाहिलं तर फरक होते, बहुतेक शुद्धलेखनाचे, काही शब्दांचे. संदेश तोच निघाला.

नव्या करारातही मार्कच्या शेवटच्या १२ ओव्या आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाहीत. पुष्कळ आवृत्त्या तिथे कंस किंवा टीप देतात. हे लपवलेलं नाही, आणि लपवायचं कारणही नाही.

त्यात युद्धं आणि क्रूर प्रसंगही आहेत. त्यांचं काय?

आहेत. यहोशवाच्या पुस्तकातल्या लढाया वाचताना मला आजही अडतं. मी त्यांचं सोपं समर्थन करत नाही. आमच्यापैकी बहुतेक जण जुना करार येशूच्या उजेडात वाचतात : ज्याने शत्रूवर प्रीती करायला सांगितलं, त्याच्या विरुद्ध जाईल असा अर्थ काढायचा नाही. लोकांनी तसा अर्थ काढला आहे, हेही खरं. गुलाम बाळगणाऱ्यांनी बायबलची वचनं दाखवली, आणि गुलामांनी त्याच बायबलातलं निर्गम, म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसरच्या गुलामीतून सुटकेचं पुस्तक, वाचून सुटकेची गाणी रचली. वाईट वाचनावर मला एकच उपाय माहीत आहे, अधिक काळजीने वाचणं. म्हणून तर अभ्यास.

वाचून माणूस बदलतो का?

आपोआप नाही. वचनं तोंडपाठ असलेली कठोर माणसंही मी पाहिली आहेत. पण आपल्या शहराजवळ घडलेली एक गोष्ट आहे. सिस्टर राणी मारिया या केरळच्या कॅथलिक धर्मभगिनी देवास जिल्ह्यात उदयनगरला भूमिहीन मजुरांमध्ये काम करत. सावकारांच्या तावडीतून लोक सुटू लागले, ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली आणि भाऊ मानलं. घरच्यांनी क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं गेलं.

दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं. पहिला उद्गार : ‘हे बापा, त्यांना क्षमा कर.’ हे वचन मी दरवर्षी ऐकते आणि घरी येऊन जावेशी अबोला धरते. त्या बहिणीने राखी बांधली. म्हणून मला पुढच्या वर्षीही ते ऐकायला जावं लागतं.

ख्रिस्ती नसलेल्याने वाचलं तर चालतं? वाचा म्हणणं म्हणजे धर्म बदला म्हणणं नाही ना?

चालतं, आणि नाही. गांधीजींना डोंगरावरचं प्रवचन थेट हृदयाला भिडलं असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. ते आयुष्यभर हिंदू राहिले. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका प्रवाशाने बायबल दिलं, ते डोंगरावरच्या प्रवचनाशी गुंतले आणि पुढे ख्रिस्ती झाले. वाचल्यावर काय होईल, ते ना माझ्या हातात आहे ना असावं. मला जे प्रिय आहे ते मी कुणी विचारल्यावर लपवणार नाही, आणि न विचारता कुणाच्या ताटात वाढणारही नाही.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्या पानापासून नको. उत्पत्ती आणि निर्गम उत्साहाने होतात, मग लेवीय येतं आणि पुस्तक कपाटात जातं. मार्क घ्या, १६ अध्याय, दीड-दोन तासांत संपतं. मग लूक. मन जड असेल तर स्तोत्रं. व्यवहारी माणसाला नीतिसूत्रं आवडतात, ३१ अध्याय आहेत, महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक.

जुनी, फाटलेली प्रत काय करता?

ठरलेला विधी नाही. कोणी जपून ठेवतात, कोणी चर्चमध्ये देतात. बाबांची प्रत मी दोन वर्षांपूर्वी खजुरी बाजारात बांधायला नेली. पाठ पूर्ण सुटली होती. बाइंडर म्हणाले, कडा एकसारख्या करायला चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कापावं लागेल. मी समास उघडून त्यांना तारखा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून दोन-चार पानं पाहिली, विचारलं, ‘पिताजी के हाथ का है?’ आणि कात्री बाजूला ठेवली. आता पुठ्ठा नवा आहे आणि पानं आतून वरखाली बाहेर आलेली आहेत, तशीच.